पंच नसलेल्या टेबलावर फाऊल कोण देतं?

आजचा विषय पूल. पोहायचा नाही, स्टिकने खेळायचा.

तासाच्या दराने टेबल घेऊन कधी खेळला असाल, तर एक वाद तुम्हाला पाठ असेल. पांढरा बॉल पॉकेटमध्ये गेला, आता काय? एक मित्र म्हणतो, पांढरा कुठेही ठेव. दुसरा म्हणतो, छे, रेषेच्या मागूनच मारायचा. तिसऱ्याचं म्हणणं, दोन शॉट मिळतात. गंमत अशी की तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. हे तिन्ही नियम जगात कुठे ना कुठे खरोखर खेळले गेलेत. मग इतके वेगवेगळे नियम आले कुठून?

त्यासाठी जरा मागे, अमेरिकेत जाऊया. एट-बॉल साधारण 1900 च्या सुमारास तिथे सुरू झाला. ब्रन्सविक-बाल्के-कॉलेंडर नावाची टेबलं बनवणारी कंपनी होती, तिने तो ‘बी.बी.सी. कंपनी पूल’ या नावाने पसरवला. सात लाल, सात पिवळे, एक काळा आणि एक पांढरा बॉल. खेळ भराभर लोकप्रिय झाला, पण अधिकृत नियमपुस्तकात त्याला जागा मिळाली थेट 1940 मध्ये. म्हणजे मधली चाळीसेक वर्षं प्रत्येक अड्ड्याचा कायदा वेगळा. जिथे खेळाल तिथला नियम!

नंतर बारमध्ये नाणं टाकून चालणारी टेबलं आली, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. या टेबलात पॉकेटमध्ये गेलेला रंगीत बॉल आतच अडकून राहतो. पुन्हा नाणी टाकल्याशिवाय बाहेर येत नाही. पांढरा मात्र परत यायलाच हवा, म्हणून तो थोडा मोठा किंवा वेगळ्या बनावटीचा करायचे, म्हणजे यंत्राला तो ओळखता येई. आता विचार करा. जुन्या पद्धतीत फाऊल करून पॉट केलेला बॉल बाहेर काढून टेबलावर परत ठेवता यायचा. इथे तो काढणार कसा? मग शिक्षा द्यायची ती पांढऱ्याच्या मार्फतच, कारण परत येणारा तोच एकटा.

बारमधली नेहमीची शिक्षा म्हणजे पांढरा रेषेच्या मागे ठेवायचा आणि तिथून पुढच्या दिशेने मारायचा. ऐकायला ठीक वाटतं, पण यात एक पळवाट आहे. समजा तुमचे उरलेले दोन्ही बॉल रेषेच्या मागेच आहेत. मी मुद्दाम पांढरा पॉकेटमध्ये घातला. आता तुम्हाला पुढेच मारायचंय आणि तुमचे बॉल मागे. म्हणजे फाऊल केला मी आणि अडकलात तुम्ही!

1979 मध्ये टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी हौशी खेळाडूंसाठी एक लीग सुरू केली. 1981 मध्ये तिचं नाव अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन, म्हणजे एपीए झालं. आज तिचे अडीच लाखांच्या आसपास सभासद आहेत. दिवसभर नोकरी करायची आणि आठवड्यातली एक संध्याकाळ टीमसाठी खेळायचं, अशी ही माणसं. टेबलाशी पंच नसतो. आजूबाजूला गाणी, गोंगाट, हातात ग्लास. मी यांचे नियम वाचायला घेतले तेव्हा लक्षात आलं, की प्रत्येक नियमामागे एकच काळजी आहे: पंच नसताना भांडण कसं टाळायचं?

पहिलं, फाऊल झाला की ‘बॉल इन हँड’. समोरच्याने पांढरा टेबलावर कुठेही ठेवावा. मघाची पळवाट बंद! फाऊल चुकून झाला की मुद्दाम, हे ठरवायची गरजच उरत नाही. कुणाच्या मनात शिरायला नको.

दुसरं, फाऊल मुख्यतः पांढऱ्याशी जोडलेले. पांढरा पॉकेटमध्ये गेला, आपल्या गटाच्या बॉलला आधी लागला नाही, किंवा लागल्यावर एकही बॉल पॉट झाला नाही आणि एकही कुशनला लागला नाही, तर फाऊल. शर्टाची बाही लागून एखादा रंगीत बॉल हलला, तर तो जागेवर ठेवायचा आणि पुढे खेळायचं.

तिसरं, बाकीचे बॉल कुठल्या पॉकेटमध्ये जाणार हे सांगावं लागत नाही. नशिबाने गेला तरी चालतो. काळ्यासाठी मात्र पॉकेटजवळ खूण ठेवायची. ‘मी हेच म्हणालो होतो’ हा वाद खुणेपुढे टिकत नाही.

चौथं, फाऊल मागायचा अधिकार फक्त खेळाडूला आणि कॅप्टनला. बाकीचे सुचवू शकतात. आणि शॉट अगदी काठावरचा असेल, तर मारण्याआधीच थांबून तिसऱ्या माणसाला बघायला बोलवायचं. मारून झाल्यावर ‘लागला’, ‘नाही लागला’ करण्यात अर्थ नसतो.

एक गोष्ट मात्र नियमांना पूर्ण पकडता येत नाही. एपीएत एट-बॉलमध्ये 2 ते 7 अशी कौशल्याची पातळी असते. 7 चा खेळाडू 2 च्या खेळाडूशी खेळला, तर पहिल्याला सात गेम जिंकावे लागतात, दुसऱ्याला दोन. नवख्यालाही जिंकायची संधी मिळते. पण मग काही जण मुद्दाम वाईट खेळून पातळी खाली ठेवतात. त्यावर उपाय म्हणून स्कोअर लिहिणारा बचावात्मक शॉटही मोजतो. पण तो मुद्दाम चुकला की खरंच चुकला, हे स्कोअर लिहिणाऱ्याला कसं कळणार? बॉल इन हँडने जो प्रश्न टाळला, तोच इथे दुसऱ्या दाराने परत आला.

म्हणून मला हा इतिहास आवडतो. इथले नियम कुणाला तरी फसवलं गेल्यावर, एकेक भोक बुजवत तयार झालेत. आणि शेवटचं भोक खेळणाऱ्यालाच बुजवावं लागतं. पांढऱ्याला तुमचं बोट लागलं आणि ते तुम्हालाच कळलं, तर फाऊल सांगणारेही तुम्हीच.

तुमच्या ग्रुपमध्ये पांढरा आत गेला की काय नियम लावता? व्हॉइस नोट नक्की पाठवा. आणि पुढच्या वेळी ब्रेक मारण्याआधी तेवढं एक ठरवून घ्या. भेटू पुढच्या भागात!