प्रश्न कोणता? : प्रवरेकाठच्या तीन टेकाडांनी शिकवलेला शोधप्रस्ताव

१/ शोधप्रस्ताव म्हणजे पीएच.डी.च्या नोंदणीसाठी भरावयाचा आणखी एक अर्ज, अशी आपणा विद्यार्थ्यांची समजूत असते. माझीही होती. ती मोडली अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील तीन गावांमुळे : जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद. तिन्ही प्रवरेच्या काठची. त्यांच्या उत्खननांचा इतिहास आणि त्यातून उमगलेली प्रस्तावलेखनाची रीत, याविषयी हा थ्रेड.

२/ माझ्या पहिल्या प्रस्तावाचे शीर्षक होते : ‘अहमदनगर जिल्ह्याचा प्राचीन इतिहास : एक चिकित्सक अभ्यास’. बावीस पाने, पाच उद्दिष्टे, चार गृहीतके. तो परत आला तेव्हा पहिल्या पानावर पेन्सिलीने दोनच शब्द लिहिलेले होते : ‘प्रश्न कोणता?’ नोंदणीची ती फेरी हुकली. राग ओसरल्यावर लक्षात आले की बावीस पानांत प्रश्नचिन्ह एकही नव्हते.

३/ मग ज्यांच्या प्रश्नामुळे या जिल्ह्याचा प्राचीन इतिहास उजेडात आला, त्यांच्याकडे वळलो. सिंधू संस्कृतीचा शोध १९२४ मध्ये जाहीर झाला. दख्खनचा लिखित इतिहास मात्र मौर्य-सातवाहन काळापासून सुरू होतो. त्यापूर्वीची दगडी हत्यारे काही ठिकाणी मिळत होती. एका टोकाला अश्मयुग, दुसऱ्या टोकाला सातवाहनांचे शिलालेख. मधली हजारो वर्षे महाराष्ट्रात कोण राहत होते?

४/ पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि डॉ. ह. धी. सांकलिया तेथे अध्यापक झाले. १९५०-५१ मध्ये त्यांनी व शां. भा. देव यांनी दोन स्थळे खणली : शिलालेखांत आणि परंपरेत नाव असलेले नाशिक, आणि कोणत्याच ग्रंथात फारसे नाव नसलेले, संगमनेरजवळचे जोर्वे. अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

५/ येथे पहिला धडा. आपण प्रस्तावात हमखास लिहितो : ‘या विषयावर आजवर कोणीही संशोधन केलेले नाही.’ हे उणीव दाखवणे नव्हे. जगात ज्यावर संशोधन झालेले नाही अशा गोष्टी असंख्य आहेत, आणि त्यांतील बहुतेकांवर ते होण्याची गरजही नाही. दख्खनच्या बाबतीतली उणीव खरी होती, कारण तिच्या दोन्ही बाजू ठाऊक होत्या. दोन ज्ञात काठांमधले अंतर दाखवता आले, तरच त्यावर पूल हवा असे म्हणता येते.

६/ जोर्व्याने काय दिले? चाकावर घडवलेली, उत्तम भाजलेली, टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी तांबड्या रंगाची भांडी, त्यांवर काळ्या रंगातील नक्षी. तोटीची भांडी. तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी. हीच ताम्रपाषाणयुगीन ‘जोर्वे संस्कृती’, स्थूलमानाने इ.स.पू. १४०० ते १००० या काळातील. पुढे कोकण आणि विदर्भाचा बराचसा भाग वगळता महाराष्ट्रभर तिच्या वसाहती सापडल्या. एका महत्त्वाच्या संस्कृतीला नाव मिळाले ते संगमनेर तालुक्यातील एका खेड्याचे.

७/ दुसरे गाव नेवासे. मराठी वाचकाला ते ज्ञानेश्वरीमुळे ठाऊक असते. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने तेथील लाडमोड टेकाड खणले. त्याचा १९६० चा इंग्रजी अहवाल शीर्षकातच सांगतो की हा प्रवास इतिहासाकडून प्रागितिहासाकडे आहे. कुदळीला दुसरा मार्ग नसतो. आधी मुसलमानी-मराठा काळ, मग सातवाहन, त्याखाली ताम्रपाषाण. त्याच परिसरात नदीकाठच्या प्राचीन निक्षेपांत अश्मयुगीन हत्यारे.

८/ दुसरा धडा येथे आहे. माझ्या पहिल्या प्रस्तावाची सुरुवात ‘मानवी संस्कृतीच्या उषःकाली…’ अशी होती. म्हणजे जे सर्वांत कमी ठाऊक, तेथूनच. प्रस्तावाने टेकाडाच्या क्रमाने उतरावे. आधी निश्चितपणे ठाऊक असलेले, मग वादग्रस्त, मग अज्ञात. ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या प्रकरणाचे खरे काम हेच. ती पुस्तकांची यादी नसून अज्ञाताच्या थरापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत.

९/ पद्धतीचे प्रकरणही नेवाशातच शिकावे. तेथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मिळाली : दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत अस्थी. एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांच्या माळेत दोऱ्याचे अवशेष टिकले होते. तपासणीत कापूस आणि रेशीम यांचे तंतू आढळल्याचे सांगितले गेले. हाडांसाठी मानवशास्त्रज्ञ हवा, तंतूंसाठी वस्त्रतज्ज्ञ. कोणता पुरावा कोणी आणि कसा वाचायचा, याचे उत्तर म्हणजे पद्धती.

१०/ आणि आपण काय लिहितो? ‘प्रस्तुत संशोधनात ऐतिहासिक, वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला जाईल.’ हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही प्रस्तावात चिकटवता येते, आणि म्हणूनच ते कोणत्याही प्रस्तावाविषयी काहीच सांगत नाही.

११/ तिसरे गाव श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद. हे स्थळ १९५८ मध्ये उजेडात आले आणि म. न. देशपांडे यांनी १९५८-५९ मध्ये तेथे पहिले उत्खनन केले. पुढे १९७४ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार भरीव धातुमूर्ती सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा दुचाकी रथ. रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब, त्यावर उभा पुरुष. भारतीय धातुकलेच्या इतिहासात त्यांना तोड नाही.

१२/ तरीही त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत वाद आहे. काहींच्या मते त्या उत्तर हडप्पा काळातील. काहींना धातूच्या रासायनिक घटकांवरून शंका वाटते. वादाचे मूळ एकच : मूर्ती उत्खननात, नोंद केलेल्या थरातून मिळाल्या नाहीत. त्यांच्याभोवतीची माती, शेजारची खापरे, वरचा-खालचा थर, सारे मुके राहिले. यात त्या शेतकऱ्याचा दोष काडीचाही नाही. परंतु वस्तू हाती लागणे आणि पुरावा हाती लागणे यांत किती अंतर आहे, ते येथे कळते.

१३/ त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे पुन्हा काम केले : १९७४-७५ मध्ये एस. आर. राव, पुढे १९७९ पर्यंत एस. ए. साळी. साळींच्या अहवालात पाच सांस्कृतिक टप्पे क्रमाने येतात : सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. या क्रमामागे मूर्तींसारखे वैभव नाही, खापरांचे तुकडे आहेत. पण ते तुकडे कोठून आले, हे लिहिलेले आहे.

१४/ अभिलेखागारात बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे लागू आहे. एखादे सुंदर पत्र हाती लागले की त्यावर प्रबंध उभारण्याचा मोह होतो. त्या पत्राचे रुमाल-दप्तर कोणते, आधीचे-नंतरचे कागद कोणते, हे ठाऊक नसेल तर ते पत्र म्हणजे मुळाखाली सापडलेला रथ.

१५/ आता गृहीतकाकडे. इ.स.पू. १००० च्या सुमारास प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातील जोर्वे वसाहती ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यात मात्र घोड नदीकाठचे इनामगाव (पुणे जिल्हा) इ.स.पू. ७०० च्या सुमारापर्यंत नांदत राहिले. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने ते खणले. उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात आणि शिकारीवरचे अवलंबन वाढलेले दिसते. म. के. ढवळीकर यांनी याची संगती हवामान शुष्क होण्याशी लावली.

१६/ हे खरे गृहीतक, कारण ते चुकू शकते. पाऊस कमी झाल्याची नोंद निसर्गातील अन्य पुराव्यांत मिळाली नाही, किंवा ओस पडण्याचा काळ जुळला नाही, तर ते कोसळेल. माझे एक गृहीतक होते : ‘अहमदनगर जिल्ह्याला समृद्ध प्राचीन वारसा लाभला आहे.’ याला खोटे ठरवू शकेल असा कोणता पुरावा असू शकतो? कोणताच नाही. म्हणून ते गृहीतक नव्हते, स्वागतपर भाषण होते.

१७/ नव्या प्रस्तावाचा प्रश्न असा : १९५५ चा नाशिक-जोर्वे अहवाल ते १९८८ चा इनामगाव अहवाल, या काळात वसाहती ‘ओस पडण्याचे’ स्पष्टीकरण कसे बदलत गेले? त्यामागे नवा पुरावा किती आणि त्या त्या काळातील अनुभव किती? १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या महाराष्ट्रात, इनामगावचे काम चालू असतानाच, शुष्कतेचे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे झाले का? उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते, आणि ते मला चालेल.

१८/ हे काम मी करू शकतो. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, उत्खनकाचे प्रशिक्षण माझ्याकडे नाही. अहवाल ग्रंथालयात आहेत, कालमर्यादा तेहतीस वर्षांची आहे. ‘व्याप्ती व मर्यादा’ हे प्रकरण आपण क्षमायाचनेच्या सुरात लिहितो. वस्तुतः तो अभ्यासकाचा शब्द असतो : एवढे करीन, याबाहेरचे करणार नाही.

१९/ हा शब्द एवढा महत्त्वाचा का? कारण खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. जो प्रश्न खणण्यापूर्वी विचारला नाही, त्याचे उत्तर बहुधा मातीबरोबर टोपलीतून बाहेर जाते. आणि कोणी न खणताही माती जातेच आहे. माझ्या आजोळच्या जुन्या पांढरीची माती खत म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून शेतात पसरताना मी लहानपणापासून पाहत आलो. पावसानंतर तेथे नक्षीची खापरे उघडी पडत. आम्ही ती पाण्यावर भाकऱ्या काढायला वापरत असू.

२०/ दुसरा प्रस्ताव नऊ पानांचा झाला. गेल्या आठवड्यात तो सादर केला, निर्णय यावयाचा आहे. पहिल्या पानावर, शीर्षकाच्याही आधी, तो एक प्रश्न लिहिला आहे.

आपणही प्रस्ताव लिहीत असाल, तर आपला प्रश्न एका वाक्यात खाली जरूर लिहा. आणि आपल्या गावाची पांढरी कोठे आहे, हे आज घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा.