नवी पेठेचा पैसा, माळावरचे काम

श्रोतेहो, सोलापुरात नवी पेठ म्हणजे दुकानांची गजबज. तिथे गल्ल्यावर बसलेल्या व्यापाऱ्याचा आणि करमाळ्याच्या माळावर खडी फोडणाऱ्या बाईचा काय संबंध? तो विधिमंडळाने जोडला.

सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे 1960 ते 1978 या काळात विधान परिषदेचे सभापती होते. हात आहेत, राबायची तयारी आहे, पण काम नाही, हे खेड्याचे दुखणे त्यांनी ओळखले. 1965 मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळाने त्याची निकड साऱ्या राज्याला पटली.

पण पैसा कुठला? 1975 पासून शहरांतले व्यापारी, नोकरदार व्यवसाय कर भरू लागले. तेवढीच भर सरकारने घालायची. 26 जानेवारी 1979 पासून कायदा अंमलात आला: मागणी केल्यावर 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

दुष्काळी कामे इंग्रजी अमलातही निघत, पण सरकारच्या मर्जीने. आता मजूर काम मागू लागला, ते हक्काने.

गुरुजी, शिवारात त्या वेळचा पाझर तलाव असेल तर मुलांना जरूर दाखवा. त्याच्या मातीत नवी पेठेचाही पैसा आहे.