हिंमत आणि वीरता

आमच्या वडूजमध्ये 9 सप्टेंबर 1942 या दिवसाची गोष्ट सांगायला कुणाला पुस्तक उघडावे लागत नाही. चले जाव चळवळीत त्या दिवशी कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळीबार केला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. आम्हा खटाव तालुक्यातल्या माणसांना 'वीर' म्हटले की तेच आठवतात.

म्हणून हा शब्द मी जपून वापरतो. 14 मे 2013 रोजी अभिनेत्री अँजेलिना जोली हिने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहिला. कर्करोग झालेला नसताना तिने दोन्ही स्तनांवर शस्त्रक्रिया करून घेतली होती. आई 56व्या वर्षी कर्करोगाने गेलेली. तिच्या स्वतःच्या 'बीआरसीए 1' या जनुकात दोष निघाला, आणि डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका 87 टक्के सांगितला. लेख छापून आला आणि जगाने तिला वीरांगना ठरवले.

हे जनुकाचे प्रकरण आपल्याला अगदीच परके नाही. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर प्रयोग केले. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचे नाते ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांचे नाव घेतात. पुढे 1990 मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी या जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवली आणि 1994 मध्ये ते जनुक हाती आले. हा दोष आईकडून येतो, तसा वडिलांकडूनही येतो. तो असलेल्या शंभर स्त्रियांपैकी साधारण सत्तर जणींना ऐंशी वर्षांच्या आत स्तनाचा कर्करोग होतो. आधीच शस्त्रक्रिया केली, तर हा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक घटतो.

आता शब्दांकडे वळू. मी कवी, शब्दांवाचून माझे पान हलत नाही. वीर, शूर हे रणांगणावरचे शब्द. 'शहीद' हा शब्द अरबीतून आला, आणि त्याच्या मुळाशी साक्ष देण्याचा अर्थ आहे. वीरतेला साक्षीदार लागतात. मोर्चा असतो, झेंडा असतो, आणि जीव दिला जातो तो दुसऱ्यांसाठी. 'हिंमत' हा शब्दही अरबी-फारसीतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ मनाचा निर्धार. त्याला ना रण लागते, ना प्रेक्षक.

इंग्रजी लेखिका फॅनी बर्नी हिच्यावर 30 सप्टेंबर 1811 रोजी पॅरिसमध्ये स्तनाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. शस्त्रक्रिया करणारे लॅरे हे नेपोलियनच्या सैन्याचे शल्यविशारद. लढाईत जखमी झालेले शिपाई त्यांनी पुष्कळ पाहिले होते. इथे मात्र लढाई नव्हती, बंद खोलीतला एक पलंग होता. फॅनीने ते सारे नंतर बहिणीला पत्रात लिहिले आणि पुढे ती 1840 पर्यंत जगली. तिला आधीच गाठ होती. आजच्या बाईला गाठही नाही, दुखणेही नाही. हातात असतो फक्त तपासणीचा कागद, आणि त्यावरून तिला निर्णय घ्यायचा असतो. ही हिंमत आहे.

मग तिला वीरांगना म्हटले तर बिघडले कुठे? बिघडते ते तिच्या बहिणीचे. तोच दोष असलेली बहीण शस्त्रक्रिया नको म्हणते, दरवर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय करून नजर ठेवायचे ठरवते. वैद्यकशास्त्र तोही मार्ग मान्य करते. एकीला वीर ठरवले की दुसरी आपोआप भित्री ठरते. जिच्याजवळ तपासणीलाही पैसे नाहीत, तिचे काय? शिवाय वीराने रडायचे नसते. शस्त्रक्रियेनंतर आरशासमोर उभ्या राहणाऱ्या बाईला रडण्याची मोकळीक हवी असते.

आपल्याकडे तर 'घराण्यात रोग आहे' हे वाक्य मुलींच्या लग्नापायी गिळून टाकतात. अशा घरात आपल्या मावशीचा आजार डॉक्टरांना स्पष्ट सांगणे, हेसुद्धा हिंमतीचेच काम आहे.

हुतात्म्यांपुढे आपण मान झुकवतो, ते योग्यच. हिंमतवान बाईला मात्र आपले वंदन नको असते. दवाखान्यात सोबतीला येणारे माणूस हवे असते, आणि तिने काहीही ठरवले तरी 'असे का केलेस' म्हणून न विचारणारे घर हवे असते.