सिंत्राच्या बागेतला सोमनाथचा दगड

पोर्तुगालला जाऊन आलेल्या कुणाचंही इन्स्टा उघडा. एका फोटोत डोंगरमाथ्यावरचा लाल-पिवळा राजवाडा असतो आणि दुसऱ्यात शेवाळलेल्या गोल विहिरीत खालून वर पाहणारा चेहरा. दोन्ही फोटो सिंत्राचे. लिस्बनपासून हे गाव पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, रोसिओ स्टेशनवरून लोकल पकडली तर चाळीस मिनिटं लागतात. तरी बहुतेक पर्यटक एका दिवसाची गाइडेड टूर घेतात, कारण राजवाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर आहेत आणि चढ दमवणारे आहेत. मीही तेच केलं. एक मिनीबस, आठ प्रवासी, एक हुशार आणि गप्पिष्ट गाइड. टूरचं नाव होतं ‘डोंगरावरचे राजवाडे आणि गूढ बागा’.

या लेखात त्या टूरमधल्या जागा आहेत, आणि जिथे बस थांबली नाही अशी एक जागाही आहे. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते त्या न थांबलेल्या जागेबद्दल.

धुकं कुठून येतं

आधी ‘गूढ’ या शब्दाचं बघू. सिंत्राचा डोंगर जेमतेम पाचशे मीटर उंच आहे, आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. पण तो अटलांटिकच्या अगदी तोंडाशी उभा आहे. समुद्रावरचं दमट वारं या डोंगराला अडतं, वर चढतं, थंड होतं आणि त्याचं धुकं होतं. लिस्बनमध्ये कडक ऊन असताना इथे स्वेटर लागतो. आंबोली किंवा महाबळेश्वरला जे होतं तेच इथे छोट्या प्रमाणात होतं. या ओलाव्यामुळे नेचे, शेवाळ आणि जगभरातून आणून लावलेली झाडं इथे जगली. राजांना उन्हाळा घालवायला इथेच यावंसं वाटलं, तेही याच गारव्यामुळे.

डोंगरावर सगळ्यात जुना आहे मूरांचा किल्ला. ११४७ साली लिस्बन पडल्यावर तो पोर्तुगालच्या पहिल्या राजाच्या, अफोन्सो हेन्रिकेशच्या हाती आला. शेजारच्या शिखरावर पेना. तिथे १६व्या शतकात राजा मानुएल पहिला याने बांधलेला छोटा मठ होता. १७५५च्या भूकंपात तो खिळखिळा झाला आणि १८३४ साली पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केल्यावर ओस पडला. १८३८ मध्ये राणी मारिया दुसरीचा जर्मन नवरा फर्नांदो याने ते अवशेष विकत घेतले आणि त्यांना जोडून स्वतःच्या स्वप्नातला राजवाडा उभा केला. आराखडा फॉन एश्वेगे नावाच्या खाणतज्ज्ञाचा. लाल भाग म्हणजे जुना मठ आणि पिवळा भाग म्हणजे नवा राजवाडा, एवढं लक्षात ठेवलं की तिथला गोंधळ बराच सुटतो. बाकी घुमट, बुरूज, टाइल्स, दारावर बसलेला अर्धा मासा-अर्धा माणूस, सगळं मुद्दाम एकत्र कालवलेलं आहे. मध्ययुगीन दिसणारी ही वास्तू १९व्या शतकातली आहे. मुंबईचं व्हीटी स्टेशन तिच्याहून फार लहान नाही.

राणीच्या मृत्यूनंतर फर्नांदोने एलिझ हेन्स्लर या ऑपेरा गायिकेशी लग्न केलं आणि १८८५ साली मरताना पेना तिच्या नावे करून गेला. यावर लिस्बनमध्ये एवढी बोंबाबोंब झाली की शेवटी १८८९ मध्ये सरकारने ते तिच्याकडून विकत घेतलं. १९१०ची क्रांती झाली तेव्हा राणी अमेलियाने देशातली शेवटची रात्र याच राजवाड्यात काढली. हे सगळं आमच्या गाइडने रंगवून सांगितलं.

मुंबई देणाऱ्या राजाची खोली

खाली गावात जुना राजवाडा आहे, दोन प्रचंड पांढऱ्या धुराड्यांचा. ही धुराडी स्वयंपाकघराची. त्यातल्या एका खोलीपाशी आमचा गट दोन मिनिटं थांबला. राजा अफोन्सो सहावा याला भावाने गादीवरून उतरवलं आणि शेवटची नऊ वर्षं या खोलीत कोंडून ठेवलं. १६८३ साली तो इथेच मेला. येरझाऱ्या घालून घालून त्याने फरशी झिजवली असं सांगतात.

गाइडने वेड्या राजाची करुण कथा म्हणून हे सांगितलं आणि गट पुढे सरकला. मी थोडा रेंगाळलो, कारण हा माणूस आपल्या इतिहासात आहे. याच्या बहिणीचं, कातारिनाचं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं तेव्हा १६६१च्या तहात मुंबई बेट हुंड्यात दिलं गेलं. गादीवर हा अफोन्सोच होता. प्रत्यक्ष ताबा द्यायला गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आंतोनिओ द मेलो इ कास्त्रो याने बराच काळ खळखळ केली. हे बेट देणं आपल्याला महागात पडेल असं त्याचं म्हणणं होतं. १६६५ मध्ये अखेर त्याला मुंबई सोडावी लागली. आपण लोकलमध्ये लटकतो त्या शहराच्या नशिबाचा एक धागा या झिजलेल्या फरशीपर्यंत येतो. टूरमध्ये त्याला जागा नव्हती.

पैशाची विहीर

मग किंता द रेगालैरा. ‘गूढ बाग’ म्हणतात ती मुख्यतः हीच. आंतोनिओ कार्व्हाल्यो मोंतेरो याचा जन्म रिओ द जानेरोचा, कुटुंब ब्राझीलमध्ये कॉफी आणि रत्नांच्या धंद्यात गब्बर झालेलं. लोक त्याला ‘लाखोंचा मोंतेरो’ म्हणत. त्याने लुइजी मानिनी या इटालियनाकडून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही बाग आणि वाडा घडवून घेतला. मानिनीचा मूळ पेशा ऑपेराचे सेट रंगवण्याचा. हे कळल्यावर बाग एकदम उलगडते. कृत्रिम गुहा, धबधब्यामागची वाट, ढकलल्यावर फिरणारं दगडी दार, हे सगळं नेपथ्य आहे. फक्त कापडाऐवजी दगडात.

ती प्रसिद्ध विहीर २७ मीटर खोल आहे. गोल जिना नऊ टप्प्यांनी खाली उतरतो, तळापासून भुयारं निघतात. टेम्पलर योद्धे, फ्रीमेसन, दान्तेच्या नरकाची नऊ वर्तुळं, गाइडने सगळं सांगितलं. इथे खरोखर काही दीक्षाविधी झाले याचा कागदोपत्री पुरावा मात्र नाही. आणि ही विहीर पाण्यासाठी कधी खोदलीच नव्हती. मला साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर आठवली. तिथेही जिना आहे, कमानी आहेत, मधोमध छोटासा महालही आहे. पण तिथे बारा मोटा चालत, पाणी आमराईला जाई. तिचं सौंदर्य कामातून आलेलं आहे. रेगालैराच्या विहिरीत उतरताना पैसा किती असेल हाच विचार येत राहतो. तो पैसा जिथून आला त्या ब्राझीलमध्ये १८८८ पर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती आणि कॉफीचे मळे तिच्यावरच चालत होते.

जिथे बस थांबत नाही

रेगालैराकडून मोन्सेरातच्या बागेकडे जाणारा रस्ता अरुंद आणि गर्द आहे. वाटेत एका बाजूला उंच, शेवाळलेली भिंत लागते. ही पेन्हा व्हेर्द, म्हणजे ‘हिरवा कातळ’. खासगी मालमत्ता, आत प्रवेश नाही. बस जराही न थांबता पुढे गेली.

ही जागा जुआंव द कास्त्रोची. तो १५४५ मध्ये पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर होऊन गोव्याला आला. १५४६ मध्ये गुजरातच्या सुलतानाच्या फौजेने दीवच्या किल्ल्याला घातलेला वेढा त्याने मोडून काढला. त्या वेढ्यात त्याचा मुलगा मेला. मोडका किल्ला पुन्हा बांधायला पैसे नव्हते, तेव्हा त्याने गोवेकरांकडे कर्ज मागताना तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. ही गोष्ट पोर्तुगालमध्ये शाळकरी पोरांनाही माहीत असते. १५४८ साली तो गोव्यातच मेला.

हा माणूस नुसता तलवारबाज नव्हता. त्याआधीच्या फेरीत, १५३८-३९ मध्ये, त्याने गोव्यापासून दीवपर्यंतचा किनारा गलबतातून तपासत त्याची तपशीलवार नोंदवही लिहिली. त्यात मुंबईच्या खाडीतलं घारापुरीचं लेणं आहे. ते पाहून तो थक्क झाला होता.

आणि याच माणसाच्या सिंत्राच्या बागेत एक संस्कृत शिलालेख येऊन पडला. तो मूळचा सोमनाथ पाटणचा, सोरटी सोमनाथ म्हणतो तिथला. गुजरातचा वाघेला राजा सारंगदेव याच्या काळातला, विक्रम संवत १३४३ म्हणजे इसवी सन १२८७च्या सुमाराचा. त्यात त्रिपुरांतक नावाच्या पाशुपत शैव साधूची प्रशस्ती आहे. आधी लकुलीशापासून चालत आलेली गुरुपरंपरा, मग त्याची तीर्थयात्रा. केदार, प्रयाग, श्रीपर्वत, गोदावरीकाठचं त्र्यंबक आणि रामेश्वर करून तो सोमनाथला पोचला. तिथे त्याने पाच देवळं बांधली आणि त्यांच्या पूजेच्या खर्चाची सोय लावून दिली.

हे सगळं त्या दगडावर कोरलेलं होतं, पण सिंत्रामध्ये ते कुणालाच वाचता येत नव्हतं. जवळजवळ अडीचशे वर्षं तो बागेतली एक परदेशी शोभेची वस्तू होता. शेवटी जेम्स मर्फी या आयरिश वास्तुतज्ज्ञाने १७९५ साली छापलेल्या पोर्तुगालच्या प्रवासवर्णनात त्याची नक्कल दिली आणि गीतेचं पहिलं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या चार्ल्स विल्किन्सने त्याचा अर्थ लावला. पुढे १९व्या शतकाच्या अखेरीस गेओर्ग ब्यूलरने त्याचं व्यवस्थित संपादन केलं. अभ्यासकांच्या जगात हा लेख आजही ‘सिंत्रा प्रशस्ती’ म्हणून ओळखला जातो. सोमनाथच्या लेखाला पोर्तुगालच्या गावाचं नाव!

आता दुसरा दगड. दियोगो दो कोउतो हा पोर्तुगीज इतिहासकार लिहितो की घारापुरीच्या लेण्याच्या दाराशी एक सुंदर कोरलेला शिलालेख होता. पोर्तुगिजांनी तो काढून राजा जुआंव तिसरा याच्याकडे पाठवला. राजाने तो वाचून घ्यायचा प्रयत्न केला, पण वाचणारा मिळाला नाही. त्यानंतर तो दगड नाहीसा झाला. आजपर्यंत सापडलेला नाही.

म्हणूनच घारापुरीचं लेणं कुणी कोरवलं हे आपण ठामपणे सांगू शकत नाही. कुणी कलचुरी राजा कृष्णराजाचं नाव घेतं, कुणी कोकणच्या मौर्यांचं. कलचुरींच्या बाजूने त्या भागात सापडलेली नाणी आहेत, शैलीची तुलना आहे. लेण्यात लकुलीशाची मूर्ती आहे, म्हणजे संबंध पाशुपत शैवांशीच. त्रिमूर्तीसमोर रोज शेकडो लोक सेल्फी काढतात आणि तिच्या कर्त्याचं नाव कदाचित लिस्बनच्या एखाद्या भिंतीत पालथं पडलं असेल.

एक दगड वाचला गेला, एक हरवला. पाशुपतांच्या इतिहासाचे हे दोन पुरावे एकाच शतकात एकाच देशाकडे निघाले होते.

कमान आणि घंटा

शेवटचा थांबा मोन्सेरात. ही जमीन १७१८ साली काएतानो द मेलो इ कास्त्रो याने घेतली, तोही गोव्याचा माजी व्हाइसरॉय. पुढे १९व्या शतकात ती फ्रान्सिस कुक या इंग्रज कापड व्यापाऱ्याकडे गेली. त्याने बांधलेला महाल अरबी-भारतीय नक्षीने नटलेला आहे. बागेच्या वाटेवर एक नक्षीदार दगडी कमान लागते. १८५७च्या उठावानंतर कुकने ती गव्हर्नर जनरल कॅनिंगकडून घेतली, असं बागेच्या माहितीत सांगतात. खाली एका मुद्दाम बांधलेल्या ‘पडक्या’ चर्चला वडाच्या जातीच्या ऑस्ट्रेलियन झाडाने मुळांनी वेढलंय. आमच्या गटातल्या एका जोडप्याने कमानीखाली फोटो काढला. ‘इंडियन आर्च’ एवढंच गाइड बोलला.

मला राग आला का? आला. पण तो राग सरळ नाही, आणि तेही सांगायला हवं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यातली एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात. आपण त्या अभिमानाने दाखवतो. वसईच्या ज्या ख्रिस्ती घरांचे पूर्वज त्या घंटेच्या आवाजावर उठत असतील, त्यांना तिथे काय वाटतं हे आपण कधी विचारलेलं नाही. जिंकणारा वस्तू उचलतो, हे सगळीकडे झालंय.

फरक एवढाच, की नारोशंकराची घंटा वसईची आहे हे नाशिकचा रिक्षावाला सांगतो. ती कुठून आली हे तिच्यासोबत राहिलं. सिंत्रामध्ये ‘गूढ’ हा शब्द नेमकं तेच पुसतो. एकदा बाग गूढ म्हटली की ती कुणाच्या पैशाने झाली, कमान कुणाच्या पराभवातून आली, भिंतीआडचा दगड काय म्हणतो, हे विचारायची गरज उरत नाही. दगड परत मागायचा की नाही हा मोठा आणि कायदेशीर प्रश्न आहे. पण त्याची गोष्ट सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

सिंत्राला गेलात तर मोन्सेरातच्या रस्त्यावर डावी-उजवीकडे लक्ष ठेवा, पेन्हा व्हेर्दची पाटी दिसते. आणि तिकडे जाणं जमणार नसेल तर गेटवेवरून घारापुरीची बोट पकडा. आत त्रिमूर्तीकडे धावण्याआधी दाराशी जरा थांबा. कोउतो म्हणतो तो लेख तिथेच कुठेतरी होता.