अमेरिकेतील काशेर सॉसेज आणि अंगणातली शेगडी

आपल्या समाजातील पुष्कळ वडीलधारी मंडळी आता उन्हाळ्याचे दोन-तीन महिने अमेरिकेत मुलानातवंडांकडे राहून येतात. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हटकून येते. रविवार उजाडला की घरामागच्या अंगणात लोखंडी शेगडी पेटते आणि तिच्यावर सॉसेज, कोंबडी, मटणाच्या चापा भाजल्या जातात. इथे इस्राएलात योम हाअत्समाउतला बागाबागांतून जो धूर निघतो, तोच तिथे 4 जुलैला निघतो. (त्या शेगडीला इथे ‘मंगल’ म्हणतात. शब्द परका, पण मराठी कानाला तो शुभच वाटतो.) मंडळींना दोन प्रश्न पडतात. हे सॉसेज खरोखर काशेर असते का? आणि भाजूनसुद्धा ते इतके मऊ, रसाळ कसे राहते? दोन्हींची उत्तरे अमेरिकेतल्या यहुदी लोकांच्या इतिहासात एकमेकांना लागूनच आहेत, म्हणून तो इथे थोडक्यात सांगतो.

आपल्याला तो ठाऊक नसावा यात नवल नाही. कोकणात आपल्या पूर्वजांचे मांस म्हणजे बोकड आणि कोंबडी. शेजाऱ्यांचे मन राखण्यासाठी गोमांस बहुतेक घरांनी वर्ज्य केले होते. खिमा होता, कबाब होते, पण आतड्यात मांस भरून केलेला पदार्थ आपल्या स्वयंपाकात नव्हता. मुंबईत गोवेकरांच्या दुकानी टांगलेल्या चोरिसच्या माळा आपण पाहिल्या, पण ते डुकराचे मांस. त्यामुळे सॉसेज म्हटले की आपल्या आयाबायांनी नाक मुरडले, ते बरोबरच होते.

आता मूळ मुद्दा. याकोब त्या अनोळखी पुरुषाशी रात्रभर झुंजला आणि त्याच्या मांडीचा सांधा निखळला, म्हणून इस्राएलाची लेकरे मांडीची ती शीर, गीद हानाशे, खात नाहीत. हे बेरेशीथच्या 32व्या अध्यायात आहे. जनावराच्या मागच्या भागातून ती शीर आणि निषिद्ध चरबी काढणे, म्हणजे निक्कूर, फार कसबाचे आणि वेळखाऊ काम. अमेरिकेत ते करणारे हात मुळात थोडे, आणि मजुरी महाग. म्हणून तिथे रिवाज पडला तो असा की साधारण बाराव्या फासळीपर्यंतचा पुढचा भाग काशेर दुकानात जायचा आणि मागचा सगळा भाग इतरांना विकून टाकायचा. पण गाईबैलाच्या अंगात सर्वांत कोवळे मांस असते ते पाठीच्या मागच्या बाजूला. पुढचे पाय, खांदा, छाती ही दिवसभर राबणारी अंगे. तिथले मांस चिवट. म्हणजे तोरा पाळणाऱ्याच्या वाट्याला अमेरिकेत चिवट अर्धा भाग आला. तो मऊ करायचा तर तीनच वाटा होत्या: तासन्‌तास मंद शिजवणे, मिठाच्या पाण्यात मुरवणे, किंवा बारीक कुटून मसाला घालून सॉसेज भरणे. अमेरिकेतल्या यहुदी खाणावळींची सगळी कीर्ती या तीन वाटांनीच झाली आहे.

सॉसेजची विद्या जर्मनीकडून आली. बर्लिनहून आलेल्या आयझॅक गेलिस यांनी 1872 मध्ये न्यूयॉर्कच्या एसेक्स स्ट्रीटवर काशेर सॉसेजचा कारखाना काढला. पुढे रशिया, पोलंड, रुमानियातून गरीब यहुदी लोकांचे लोंढे येऊ लागले आणि मॅनहॅटनचा लोअर ईस्ट साइड भाग त्यांनी भरून गेला. या लोकांना मांस रोज परवडत नव्हते. शब्बाथला थोडे, सणाला थोडे.

त्यातही महागाई आली. 1902 च्या मे महिन्यात काशेर गोमांसाचा भाव पौंडाला 12 सेंटांवरून 18 सेंटांवर गेला. बड्या मांसकंपन्यांच्या गटाने घाऊक भाव चढवले होते. खाटकांनी आधी स्वतः दुकाने बंद ठेवून पाहिली, पण त्यांचे काही चालले नाही. मग घराघरातल्या बायका उठल्या. फॅनी लेव्ही आणि सारा एडेलसन या त्यांच्या पुढारी. 15 मे रोजी हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. कोणी मांस विकत घेऊन निघाले की त्याच्या हातातले गाठोडे हिसकावून रस्त्यात फेकायचे, त्यावर रॉकेल ओतायचे, असे प्रकार झाले. पोलिसांनी 85 जणांना पकडले, त्यांत 70 बायका. आम्हाला सर्वांत विशेष वाटते ती पुढची गोष्ट. शब्बाथच्या दिवशी या बायका सिनेगॉगांत शिरल्या आणि तोरावाचन थांबवून पुरुषांना म्हणाल्या, आधी आमची दाद घ्या. अन्याय झालेल्याने तोरावाचन थांबवावे हा जुना हक्क आहे, पण बायकांनी तो असा बजावल्याचे फारसे ऐकिवात नाही. जूनच्या सुरुवातीला भाव 14 सेंटांवर आला. ज्या बायकांना इंग्रजी धड बोलता येत नव्हते त्यांनी हे केले, आणि तेही आपल्याला ट्रेफा खावे लागू नये म्हणून. मांस बिगरकाशेर दुकानात त्याहून स्वस्त मिळतच होते.

अशा महागाईत सॉसेज हा गरिबाचा आधार. पण बारीक केलेल्या मांसात काय घातले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. बोकडाची मांडी पाहून आपण ओळखतो, सॉसेज पाहून कोण ओळखणार? तिथे सगळा व्यवहार विश्वासावर. 1905 मध्ये रशियातून आलेल्या थिओडोर क्रेनिन यांनी ईस्ट ब्रॉडवेवर हिब्रू नॅशनल या नावाने काशेर सॉसेजचा कारखाना सुरू केला. पुढच्याच वर्षी अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. शिकागोच्या मांसकारखान्यांतली घाण वाचून सारी अमेरिका हादरली आणि 30 जून 1906 रोजी मांसतपासणीचा कायदा झाला.

काशेर मांसातही लबाडी होतीच. साधे मांस आणून त्यावर हिब्रू अक्षरे लिहायची की झाले काशेर! म्हणून न्यूयॉर्क राज्याने 1915 मध्ये खोटे ‘काशेर’ विकणे हा गुन्हा ठरवला. हायग्रेड प्रोव्हिजन या कंपनीने आणि इतर विक्रेत्यांनी कोर्टात म्हटले की या शब्दाचा नक्की अर्थच नाही, मग शिक्षा कशी देता? प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1925 मध्ये न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला की व्यापारात या शब्दाचा अर्थ पुरेसा स्पष्ट आहे, कायदा योग्य आहे. पाऊणशे वर्षांनी वारे फिरले. काशेर म्हणजे काय हे सरकारने ठरवणे म्हणजे धर्मात ढवळाढवळ, असे संघीय न्यायालयाने 2000 मध्ये म्हटले आणि 2002 मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम केले. 2004 च्या नव्या कायद्याने विक्रेत्याने माल कोणाच्या देखरेखीखाली काशेर झाला एवढे जाहीर करायचे. पटते की नाही हे घेणाऱ्याने ठरवायचे.

हिब्रू नॅशनलची पुढची कथा मजेची आहे. 1928 मध्ये रुमानियातून आलेले खाटीक इझाडोर पिंकोविट्झ यांनी ती कंपनी घेतली. 1965 मध्ये कंपनीने जाहिरात केली, तिचा भाव असा की सरकार चालवून घेते ते आम्हाला चालत नाही, आम्हाला त्याहून वरच्याला जाब द्यावा लागतो. ती जाहिरात अशी गाजली की ख्रिस्ती घरांतूनही लोक हे सॉसेज शुद्ध म्हणून घेऊ लागले. उलट, अनेक कडक ऑर्थोडॉक्स यहुदी घरांत ते कित्येक वर्षे चालत नव्हते! 2004 पासून त्यावर ट्रायँगल के या संस्थेची देखरेख आहे. त्याहून कडक पाळणारे ‘ग्लाट’ लिहिलेलेच घेतात. ग्लाट म्हणजे गुळगुळीत, ज्या जनावराच्या फुप्फुसावर चिकटलेले काही आढळले नाही ते. आणि कोनी आयलंडचे प्रसिद्ध दुकान, जे पोलंडहून आलेल्या नेथन हँडवर्कर यांनी 1916 मध्ये काढून पाच सेंटांना सॉसेज विकले, ते गोमांसाचे होते, पण काशेर नव्हते. मालकाचे नाव यहुदी आहे एवढ्यावर जाऊ नये, पाकिटावरची खूण वाचावी. अक्षरे बारीक असतात. नातवंडांना वाचायला सांगावे.

आता मऊपणाकडे येऊ. सॉसेजच्या मांसात साधारण चौथा हिस्सा चरबी असते. खिमा बर्फासारखा गार ठेवून मीठ घालून मळला की मांसातला चिकट अंश सुटतो आणि तो चरबी व पाणी धरून ठेवतो. मळताना खिमा गरम झाला तर चरबी सुटते, आणि मग भाजल्यावर सॉसेज भुशासारखे कोरडे लागते. आपले मांस आधीच अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात ठेवून तीनदा धुतलेले असते, त्यामुळे त्यात मीठ कमी घालावे लागते. बाहेरचे वेष्टन हीसुद्धा अडचणच होती. सर्वांत सहज मिळणारे आतडे डुकराचे, ते आपल्याला नको. मेंढीचे महाग. शिकागोचे अर्विन फ्रॉइंड यांनी 1925 मध्ये व्हिस्किंग ही कंपनी काढली आणि सेल्युलोजची नळी बाजारात आणली. तिच्यात सॉसेज शिजवायचे आणि नंतर नळी सोलून टाकायची. आज दुकानात बिनसालीचे सॉसेज दिसते ते याच युक्तीचे.

अंगणातली शेगडी ही त्यामानाने कालची. 1920 च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या मिशिगनमधल्या लाकूडकारखान्यात उरलेल्या भुशा-ढलप्यांपासून कोळशाच्या वड्या करू लागले. त्याच पुढे किंग्सफर्ड नावाने घरोघरी गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक शहर सोडून अंगण असलेल्या घरांत राहायला गेले, त्यांत न्यूयॉर्कचे यहुदीही होते. 1952 मध्ये शिकागोजवळ वेबर ब्रदर्समध्ये काम करणारे जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रातल्या तरंगत्या बोयाचा लोखंडी गोळा मधून कापून झाकणाची शेगडी केली. झाकणामुळे वारा लागत नाही, ज्वाळा भडकत नाहीत, मांस चहूबाजूंनी शिजते.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी निखारे शेगडीच्या एकाच बाजूला लोटावेत. सॉसेज आधी थंड बाजूला ठेवून झाकण लावावे आणि शेवटी दोन मिनिटे निखाऱ्यावर फिरवून रंग आणावा. काट्याने टोचू नये, सगळा रस कोळशात जातो. कच्चे गोमांसाचे सॉसेज आत 71 अंश सेल्सिअस झाले पाहिजे, कोंबडीचे किंवा टर्कीचे 74. गोमांस न खाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी तिथे कोंबडीचे काशेर सॉसेजही मिळते. पाकिटातले बहुतेक फ्रँकफर्टर आधीच शिजवलेले असतात, तरी पासष्टीच्या पुढच्यांनी ते वाफ निघेपर्यंत गरम करूनच खावे, असे तिथले आरोग्य खाते सांगते. सॉसेजवर चीज नको हे सांगायला नको. पण तयार सॉसच्या बाटलीत कधी कधी मासळी असते, आणि मांसाबरोबर मासळी पुष्कळ घरांत चालत नाही, तेवढे पाहावे. सार्वजनिक बागेतल्या जाळीवर आधी कोणी काय भाजले असेल कोण जाणे, म्हणून आपली जाळी घरून न्यावी.

एक पदार्थ मात्र असा आहे की जो निखाऱ्यावर भाजल्यावाचून आपल्याला चालतच नाही. कलेजीत रक्त इतके असते की नुसत्या मिठाने ती काशेर होत नाही. तिला आडवे-उभे छेद द्यावेत, धुवावी, थोडे मीठ शिंपडावे आणि उघड्या आचेवर जाळीवर ठेवावी, म्हणजे रक्त खाली गळून जाते. ताटात किंवा तव्यावर ठेवून हे साधत नाही. कोळशाची शेगडी घराघरात होती तेव्हा हे सोपे होते. विजेच्या चुली आल्यावर अवघड झाले, आणि अंगणातल्या शेगडीने तिथे पुन्हा सोपे केले. कलेजीसाठी वेगळी जाळी ठेवावी. भाजून झाल्यावर तीनदा धुवावी, आणि आले, लसूण, हिरवी मिरची, कांदा यांत परतायची ती त्यानंतरच. अमेरिकेतल्या काशेर दुकानांत भाजलेली कोंबडीची कलेजी डब्यात तयार मिळते, पण ती कोरडी असते. नारळाच्या दुधात पाच मिनिटे ठेवली तर बरी लागते.