नगरात ओतलेली तोफ

पप्पा नगरच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डर होते. मी सॉफ्टवेअरमध्ये. मागच्या वर्षी आम्ही विजापूरला शेर्जा बुरुजावर ‘मलिक-ए-मैदान’ तोफ बघायला गेलो. मी फोटोसाठी मोबाईल काढला, तर पप्पांनी तोफेवर हळूच टिचकी मारली. घंटेसारखा नाद आला.

“कथील भरपूर आहे,” ते म्हणाले.

घरी येऊन वाचलं. तांबं साधारण ८० टक्के, कथील २०. घंटा ओतायला लागतो तोच धातू!

ही तोफ मुळात आपल्या नगरची. १५४९ मध्ये बुऱ्हाण निजामशहासाठी ती इथे ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आत-बाहेर, तोंडाची रुंदी दोन फुटांहून जास्त. १६३२ मध्ये ती परांड्याहून विजापूरला गेली.

तोफ दोन प्रकारे करत. घडीव तोफेत लोखंडी पट्ट्या नळीसारख्या जुळवून त्यांवर तापवलेली कडी चढवायची. कडं निवताना आकसतं आणि पट्ट्या आवळून धरतं. विजापूरच्याच उपळी बुरुजावर अशी लांबलचक तोफ आहे. त्या कामात एखादं कडं फसलं तर दुसरं करता येतं.

ओतीव तोफेत तसं नाही. बाहेर साचा, मध्ये गाभा आणि उरलेल्या पोकळीत रस. धार मध्येच तुटली तर आधीचा रस थिजतो आणि नंतरचा त्याच्याशी एकजीव होत नाही. साच्यात ओल राहिली तर तिची वाफ होते आणि रस उसळतो. पप्पांच्या डाव्या पायावरचा डाग तसाच पडलाय. माझा चुकलेला कोड मी पाच मिनिटांत मागे घेतो. ५५ टन रस मागे घेता येत नाही.

तोफेवर निजामशहाचं नाव आहे, ओतणाऱ्या मुहम्मद बिन हुसेन रूमीचंही आहे. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने स्वतःचा लेख कोरून घेतला. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव मांडला. बोली लागली १५० रुपये! ती फारच कमी वाटली, म्हणून तोफ वाचली.

भाता ओढणारे, माती मळणारे, साचा वाळवणारे मात्र कुठल्याच लेखात नाहीत.

परतीच्या एसटीत पप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “एवढा साचा किती दिवस वाळवला असेल रे?”

त्या माणसांची चौकशी करणारं मला भेटलेलं हे पहिलंच माणूस.