तगर म्हणजे तेरच कशावरून?

आज परदेशी प्रवासी फारशी माहिती नसलेल्या जागा शोधत फिरतात. कुणी स्कीइंगसाठी गुलमर्गचा बर्फ गाठतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात बर्फ नाही, पण परदेशी माणसाच्या नोंदीत इथलं एक शहर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच आलंय. ती नोंद कशी तपासली गेली, हे संशोधनाची तयारी करताना तुम्ही जरूर पाहा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ. लेखक इजिप्तकडचा व्यापारी, नाव अज्ञात. तो सांगतो की भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर आहे. तिथलं कापड धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर भरूचला येतं.

हे तगर कुठलं? विल्फर्डने देवगिरी सुचवलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर, रा. गो. भांडारकरांनी धारूर. १९०१ मध्ये फ्लीटने तेरचं नाव मांडलं.

आता नकाशा उघडा. देवगिरी पैठणच्या उत्तरेला, तेही अगदी जवळ. जुन्नर पश्चिमेला. दोन्ही बाद. भरूच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किमी, म्हणजे दिवसाला साडेसतरा. पैठण ते तेर सुमारे १५० किमी, म्हणजे दिवसाला पंधरा. बैलगाडीचा हिशेब जुळतो. पण दिशा? तेर पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. दिशेपुरतं बघितलं तर धारूर जास्त जवळचं वाटतं!

इथे नाव मदतीला येतं. प्राकृतात 'नगर'चं 'नयर' होतं आणि पुढे अमळनेरमधलं 'नेर'. तसंच तगर, तयर, तेर. मग जमीन बोलते. १९०२-०३ मध्ये हेन्री कझिन्सने तेरला जाऊन पाहणी केली, तेव्हा तिथलं त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचं बौद्ध चैत्यगृह असल्याचं दिसलं. पुढे तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली तर इटलीतल्या पाँपेईच्या बाहुलीशी नातं सांगते.

त्या व्यापाऱ्याला किनारा बारकाईने ठाऊक होता. आतला मुलूख बहुधा ऐकीव. म्हणून दिशा चुकली, तरी अंतर टिकलं. तुमच्या साधनातली एक चूक दिसली की ते अख्खं फेकू नका, आणि एक गोष्ट जुळली म्हणून अख्खं मानूही नका. प्रत्येक विधान वेगळं तपासा.

तेरच्या संग्रहालयात एकदा जाऊन या. रस्ता आता चांगला आहे.